बसचा तोटा कागदावर दिसतो, रस्त्याचा दिसत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पहिल्यांदाच नाशिक महापालिकेत निवडून आला आहात आणि अंदाजपत्रकाच्या महासभेत मेन रोड, शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) या मधल्या शहराच्या पार्किंगवर बोलायचं आहे. व्यापारी बहुमजली वाहनतळ मागतात. पक्षातले ज्येष्ठ म्हणतात, आधी सिटीलिंकचा, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचा, तोटा थांबवा. प्रशासनाचं म्हणणं, निधी नाही. यातलं आधी काय मागायचं आणि कशाच्या बळावर?

मी बत्तीस वर्षं महापालिकांच्या नोकरीत काढली. आधी बांधकाम विभागात, मग वाहतूक कक्षात आणि शेवटी अंदाजपत्रकाच्या टिपण्या तयार करण्यात. महासभेत अधिकाऱ्यांच्या बाकावर बसून ही चर्चा इतक्यांदा ऐकली की कोण कुठल्या वाक्यावर उठणार हे आधी कळायचं. पार्किंगचा विषय एका दिवशी, बसचा दुसऱ्या दिवशी, निधीचा तिसऱ्या. तीन वेगळे विषय, तीन वेगळे अधिकारी, तीन वेगळी लेखाशीर्षं, म्हणजे अंदाजपत्रकातली खाती. माझं म्हणणं एवढंच की हा एकच विषय आहे. महापालिकेच्या मालकीची सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे मधल्या शहरातली रस्त्याची जागा, आणि ती आपण ज्याला पाहिजे त्याला, पाहिजे तेवढा वेळ, फुकट देतो. त्या देण्याची नोंद अंदाजपत्रकाच्या एकाही पानावर नसते. बसची तूट मात्र ठळक आकड्यात छापलेली असते. म्हणून सभागृहात बसवर आरडाओरडा होतो आणि रस्त्यावर कुणी बोलत नाही.

आता एक गोष्ट जवळून बघू. निवृत्तीनंतर एका कामासाठी मी महात्मा गांधी रोडवर सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत होतो, मेहेर सिग्नलकडून सांगली बँकेच्या कोपऱ्याकडे येताना डाव्या हाताला. दुकानांची शटरं उघडायच्या आधीच एका मुलाने पांढरी स्कूटर फुटपाथला लावून उभी केली. साइड स्टँड नाही, मधला स्टँड. मधला स्टँड लावणारा माणूस लवकर परत येणार नसतो, हे पार्किंगची मोजणी करणाऱ्या कुणालाही विचारा. तो मुलगा समोरच्याच मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याच्या शेजारी दुकानमालकाची गाडी लागली, मग शेजारच्या दुकानातल्या दोघांच्या. साडेअकराला पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याच्यासाठी जागा नव्हती. एक गृहस्थ बायकोला दुकानाशी उतरवून चारचाकी घेऊन पुढे गेले, तीन वेळा त्याच रस्त्यावरून फिरून आले आणि शेवटी दुसऱ्या रांगेत, दिवे लुकलुकत ठेवून उभे राहिले. त्यांच्या मागे रिक्षा आणि रिक्षामागे सगळी रांग. पांढरी स्कूटर संध्याकाळी दिवे लागले तेव्हाही तिथेच होती.

त्या मुलावर माझा काहीएक राग नाही. तो सिडकोतून येत असेल किंवा म्हसरूळहून. बस वेळेवर येईल याची त्याला खात्री नाही, म्हणून त्याने हप्त्यावर स्कूटर घेतली. पण गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही म्हणून व्यापारी संघटना जेव्हा वाहनतळ मागते, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: आज ज्या जागा आहेत त्या कोणाच्या गाड्यांनी भरल्या आहेत? हे मोजायला सल्लागार लागत नाही. दोन कनिष्ठ अभियंते, एक वही, दर अर्ध्या तासाला गाड्यांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे. दोन दिवस, एक कामाचा आणि एक रविवारचा. एकच जागा दिवसातून किती वेगवेगळ्या गाड्यांना मिळते ते त्यातून समजतं. बाजारपेठेत एका जागेवर दिवसाला आठ-दहा गाड्या यायला हव्यात. तिथे एकच गाडी दिवसभर उभी असेल, तर जागेची टंचाई नाही, जागा अडवून ठेवली आहे. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत.

आता बहुमजली वाहनतळाचा हिशेब घ्या. सभागृहात तो कुणी मांडत नाही, तुम्ही मांडा. रस्त्यावर एका चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. ही सुमारे १३५ चौरस फूट झाली. मेन रोडवर एवढ्या गाळ्याचं भाडं काय आहे ते तुमच्याच वॉर्डातला कुणीही सांगेल. इमारतीत हीच गाडी ठेवायची तर रॅम्प, वळणं, जिने धरून एका गाडीमागे तीसेक चौरस मीटर बांधकाम येतं. समजा ३०० गाड्यांचा वाहनतळ बांधला आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला २५ हजार रुपये धरला. तर ९,००० चौरस मीटरचे साडेबावीस कोटी, म्हणजे एका गाडीमागे साडेसात लाख. जमिनीची किंमत शून्य धरून. त्या साडेसात लाखांवर ८ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ६० हजार. वर्षाचे ३०० दिवस, रोज दहा तास ती जागा एक मिनिटही रिकामी न राहता भरलेली राहिली, तर नुसतं व्याज निघायला तासाला २० रुपये लागतात. निम्मा वेळच भरली तर ४० रुपये. त्यात लिफ्ट, वीज, रखवालदार, झाडलोट, रंगरंगोटी काहीच नाही.

आणि त्या इमारतीच्या दाराशी, रस्त्यावर, तीच गाडी फुकट उभी करता येत असेल तर कोण वर चढवेल? आपल्याकडे बहुसंख्य वाहनं दुचाकी आहेत. पाच मिनिटांसाठी चार्जर आणायला आलेला माणूस दुचाकी तिसऱ्या मजल्यावर नेणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एका चारचाकीच्या जागेत सहा दुचाकी नीट लागतात; दुचाकीचा प्रश्न जमिनीवर, आखलेल्या पट्ट्यात आणि वेळेच्या बंधनातच सुटतो. वाहनतळ कधीच बांधू नका असं मी म्हणत नाही. रस्त्यावरची शिस्त आधी आणि इमारत नंतर, हा क्रम आहे. क्रम उलटा केला की इमारत रिकामी राहते, रस्ता भरलेला राहतो आणि देखभालीचं बिल मात्र दरवर्षी येतं. द्वारका चौकातला पादचारी भुयारी मार्ग आठवा. माणसं वरूनच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत राहिली आणि खाली बांधलेला मार्ग वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिला. बांधलं म्हणजे वापरलं जाईल असं होत नाही.

इथे बसकडे वळतो, कारण खरा धागा इथे जुळतो.

पूर्वी शहर बससेवा एसटी चालवायची. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली, नाशिक महानगर परिवहन महामंडळ या कंपनीमार्फत. दोनशे सीएनजी आणि पन्नास डिझेल अशा अडीचशे बसची ती योजना. बस ठेकेदाराच्या, चालक ठेकेदाराचे, तिकिटाचं उत्पन्न आपलं, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरप्रमाणे. या पद्धतीत तूट म्हणजे एका किलोमीटरचा खर्च वजा एका किलोमीटरचं उत्पन्न, गुणिले एकूण किलोमीटर. अडीचशे बस, रोज सरासरी २०० किलोमीटर, ३६५ दिवस धरले तर वर्षाला एक कोटी साडेब्याऐंशी लाख किलोमीटर होतात. म्हणजे किलोमीटरमागे एक रुपयाचा फरक पडला की वर्षाला सुमारे १ कोटी ८२ लाखांचा फरक. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कुणी तोटा कमी करायची युक्ती सांगितली की विचारा, याने किलोमीटरमागे किती रुपये कमी होतील?

आता पांढरी स्कूटर आणि दुसऱ्या रांगेतली ती चारचाकी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. समजा निमाणी ते नाशिकरोड हा मार्ग आहे आणि जाऊन-येऊन, टोकाचा विसावा धरून, एका बसला १२० मिनिटं लागतात. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर बारा बस लागतात. शालिमारला रिक्षांची गर्दी, थांब्यावर उभ्या केलेल्या गाड्या, द्वारकेची कोंडी यांमुळे तीच फेरी १४० मिनिटांची झाली, तर दर दहा मिनिटांनी बस द्यायला चौदा लागतील. दोन बस जास्त. चार-सहा चालक-वाहक जास्त. आणि प्रवाशाला एकही फेरी जादा मिळाली नाही, उलट जाऊन-येऊन तो वीस मिनिटं जास्त अडकला. जादा बस घेतली नाही तर दहा मिनिटांची बस बारा मिनिटांवर जाते, थांब्यावरचा माणूस शेअर रिक्षात बसतो आणि उत्पन्न घटतं. शिवाय अशा ठेक्यांत साधारणपणे ठरावीक किलोमीटरची हमी असते. कोंडीत बस कमी धावली तरी हमीचा भार राहतोच. फुकट पार्किंगचा खर्च असा बसच्या तुटीत जाऊन बसतो आणि सभागृहात शिव्या बसला बसतात.

म्हणून ज्येष्ठांना सांगा, तोटा थांबवायचा तर पहिलं काम थांबे मोकळे करण्याचं. बसथांब्याच्या मागेपुढे गाडी उभी राहणार नाही एवढी जागा पिवळ्या पट्ट्याने आखा आणि ती रोज राखा. याला कोट्यवधी लागत नाहीत. लागतो तो रंग आणि माणूस.

माणूस म्हटलं की अडचण येते ती अशी. नो-पार्किंगची कारवाई आणि टोइंग वाहतूक पोलिसांकडे. चलनाच्या दंडाची रक्कम राज्य सरकारच्या तिजोरीत. पट्टे मारायचे, फलक लावायचे, फुटपाथ दुरुस्त करायचा महापालिकेने. ज्याने खर्च करायचा त्याला दंडातलं काही मिळत नाही, आणि ज्याने दंड करायचा त्याला पट्टे पुसट झाल्याचं सोयरसुतक नाही, अशी ही घडी आहे. यात कुणी वाईट माणूस नाही. पण पार्किंगचं शुल्क महापालिका स्वतः घेऊ शकते, आणि ते पैसे आपल्या तिजोरीत येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे वाहनं उभी करण्याच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. पोलीस आयुक्तालय आणि महापालिका एकत्र बसली की जागांची अधिसूचना निघते. महासभेने ठराव करून प्रशासनाला हे संयुक्त काम करायला लावायचं असतं.

सशुल्क पार्किंगचा प्रयोग नाशिकने केलेला आहे, हे कुणीतरी लगेच उठून सांगेल. खरं आहे. स्मार्ट सिटीतून रस्त्यावरच्या आणि रस्त्याबाहेरच्या जागा ठरल्या, पट्टे मारले, फलक लागले, विरोध झाला, करोना आला आणि सगळं बारगळलं. माझ्या मते त्यात चूक शुल्काची नव्हती, क्रमाची होती. लोकांना आधी पावती दिसली, सुधारणा दिसली नाही. घेतलेला पैसा कुठे जातो हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुण्यातही मार्च २०१८ मध्ये महासभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, पण शुल्काची अंमलबजावणी अडली. लोक शुल्काला विरोध करतात कारण ते एका मोठ्या हौदात पडतं आणि दिसेनासं होतं.

मी स्वतः एका शहरात वाहनतळाचा ठेका पाहिला आहे. वर्षाला ठरावीक रक्कम भरायची, मग ठेकेदाराने काहीही करावं. गेटवरचा मुलगा पैसे घ्यायचा, पावती मागितली तर पुस्तक संपलं म्हणायचा. रविवारी दर दुप्पट. तक्रार आली की आम्ही नोटीस काढायचो, उत्तर यायचं, फाइल बंद. त्या वेळी मी सही करणाऱ्यांपैकी एक होतो आणि ठेक्याची अट बदला असं टिपणीत स्पष्ट लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. त्याची खंत आजही आहे. म्हणून तुम्हाला सांगतो, ठरावीक रकमेचा ठेका कधीही मान्य करू नका. ठेकेदाराला व्यवस्थापनाचा मोबदला द्या, जमा होणारा प्रत्येक रुपया थेट महापालिकेच्या खात्यात यायला हवा, आणि रोजच्या जमेचा तक्ता लोकांना बघता यावा.

आणि ते खातं वेगळं असावं. मधल्या शहराच्या पार्किंगचं उत्पन्न मधल्या शहराच्याच फुटपाथवर, स्वच्छतागृहांवर, दिव्यांवर आणि बसथांब्यांवर खर्च होईल, असं ठरावात लिहून घ्या. व्यापाऱ्याला आपल्या दुकानासमोरची फरशी बसलेली दिसली की त्याचा विरोध निम्म्यावर येतो. दर किती ठेवायचा? मी एकच कसोटी मानतो: कुठल्याही वेळी त्या रस्त्यावर दर सात-आठ जागांमागे एक रिकामी असावी. सगळ्या भरल्या तर दर कमी पडला, निम्म्या रिकाम्या तर जास्त झाला. पहिला अर्धा तास स्वस्त, पुढे चढता दर. दिवसभर गाडी लावणाऱ्याला तो चढता दरच दूर, स्वस्त जागेत घेऊन जातो.

यातून किती पैसे मिळतील याबद्दल मात्र मोठी स्वप्नं दाखवू नका. समजा चारचाकीच्या ५०० जागा, तासाला २० रुपये, दिवसाला सहा तास भरलेल्या, वर्षाचे ३०० दिवस. एक कोटी ऐंशी लाख होतात. वर काढलेल्या हिशेबाशी ताडून बघा: बसच्या किलोमीटरमागचा जेमतेम एक रुपया. पार्किंगच्या पैशावर बस चालणार नाही. पण त्याच पार्किंगमुळे रस्ता मोकळा झाला आणि फेरी १४० वरून १२० मिनिटांवर आली, तर चौदा बसचं काम बारा बस करतील. त्या शुल्कातली खरी कमाई ही आहे.

आता निधी. नाशिक महापालिकेचं अंदाजपत्रक हल्ली तीन हजार कोटींच्या घरात असतं, आणि नवीन नगरसेवकाला वाटतं की एवढ्यात आपलं काम सहज बसेल. पण हातात खेळता येईल असा पैसा त्यातला फार थोडा. जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि जुलै २०१७ पासून राज्याकडून जीएसटीची भरपाई दरवर्षी ८ टक्के वाढीने येते. तिच्यावर आणि घरपट्टी-पाणीपट्टी, विकास शुल्कावर पगार, पेन्शन, वीजबिलं, कचरा, पाणी हे सगळं चालतं. वरून मागच्या वर्षांत मंजूर करून ठेवलेल्या कामांचं दायित्व. केंद्राचा निधी येतो तो ठरावीक कामासाठी बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगाचा दहा लाखांवरच्या शहरांचा पैसा हवेची गुणवत्ता आणि पाणी-स्वच्छतेसाठी होता; त्यातून वाहकांचे पगार देता येत नव्हते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक आहे, त्याचंही तसंच. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, ही भारतातल्या सगळ्या महापालिकांची दुखरी नस आहे.

अपवाद म्हणून पंतप्रधान ई-बस सेवा ही योजना बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली, त्यात केंद्र चालवण्यासाठी पैसे देतं: बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपयांपर्यंत, नऊ मीटरच्या बसला २२ रुपये, तेही दहा वर्षं. असं अनुदान क्वचित मिळतं. त्याचे आगार, वीजजोडणी, करार कुठवर आलेत हा प्रश्न लेखी विचारा. एकेक महिना उशीर म्हणजे हातचं गेलेलं अनुदान.

आणि मेट्रो निओ. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली, तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो. गंगापूर ते नाशिकरोड, गंगापूर ते मुंबई नाका, रबरी टायरवर उंच मार्गावरून धावणारी गाडी. त्यानंतर जी वर्षं गेली त्यांत एकही खांब उभा राहिला नाही. मला त्या प्रकल्पाबद्दल वाईट बोलायचं नाही. पण मोठ्या प्रकल्पाची वाट बघताना हातातल्या बसकडे दुर्लक्ष झालं, याचं दुःख आहे. ‘मेट्रो येणार आहे, मग बसथांब्याची शेड कशाला,’ हे वाक्य मी स्वतः बैठकीत ऐकलं आहे.

२०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा कामं मंजूर करायला त्यांनी त्रिसूत्री लावली होती: कामाची गरज, तांत्रिक व्यवहार्यता आणि निधीची उपलब्धता. करवाढीवरून त्यांचं आणि सभागृहाचं किती बिनसलं ते सर्वांना माहीत आहे आणि त्यातले नगरसेवकांचे काही आक्षेप मला तेव्हाही योग्य वाटले होते. पण त्रिसूत्री चांगली होती. तुम्ही तिला चौथं सूत्र जोडा: काम पूर्ण झाल्यावर ते चालवायचा वर्षाचा खर्च किती आणि कोणत्या लेखाशीर्षातून? वाहनतळ असो, उड्डाणपूल असो की जॉगिंग ट्रॅक, हा एक प्रश्न विचारला की अर्ध्या प्रस्तावांचं खरं रूप समोर येतं.

सिटीलिंकबद्दल सभागृहात आणखी दोन गोष्टी विचारा. एक, वाहकांचे पगार. पगार थकले म्हणून वाहकांनी अनेकदा काम बंद केलं, आणि त्या दिवशी सकाळी परीक्षेला निघालेली मुलं थांब्यावर तिष्ठत राहिली. ठेकेदाराचं बिल देण्याआधी मागच्या महिन्याचा पगार कामगारांच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा घेणं ही अट कागदावर असते, ती पाळली जाते का? दुसरी, बस महापालिकेच्या हद्दीबाहेर त्र्यंबक, सिन्नर, ओझरकडेही जाते. जावी, तिथले लोक रोज नाशिकला कामाला येतात. पण त्या किलोमीटरची तूट एकट्या नाशिककरांनी का सोसायची? पुण्यात तिथल्या बससेवेची, पीएमपीएमएलची, तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड साठ-चाळीसच्या प्रमाणात वाटून घेतात. असं काही सूत्र एमआयडीसी, नगरपरिषदा आणि नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाबरोबर ठरवता येईल.

बससेवा हे ऐच्छिक कर्तव्य आहे, असं कुणीतरी कायद्याचं पुस्तक दाखवून म्हणेल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कामं कलम ६३ मध्ये आणि ऐच्छिक कामं कलम ६६ मध्ये आहेत, हे बरोबर. पण १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची गावं एकत्र करून ही महापालिका झाली. अडीचशेहून अधिक चौरस किलोमीटरचं शहर आपणच पसरवलं. अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या बाईला ‘बस ऐच्छिक आहे’ हे सांगायची माझी तरी छाती होत नाही.

सिंहस्थाचं थोडं बोलायला हवं, कारण पुढची दोन वर्षं प्रत्येक प्रस्तावाला त्याचं नाव लागणार आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नानं. २०१५ मध्ये आपण शहराबाहेर वाहनतळ केले आणि तिथून एसटीने भाविक आत आणले. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बॅरिकेडिंग इतकं कडक झालं की म्हातारी माणसं मैलोन्‌मैल चालली आणि नाशिककर घरात कोंडले गेले. १३ सप्टेंबरला बंदोबस्त सैल केला आणि गर्दी नीट सामावली. म्हणजे गाडी बाहेर ठेवून बसने आत येणं नाशिकला नवं नाही. बारा वर्षांतून एकदा आपण ते लाखोंच्या संख्येने करतो. बाहेरच्या वाहनतळांसाठी सपाट केलेल्या जागांपैकी दोन-तीन जरी कायमच्या ठेवल्या आणि तिथून मधल्या शहरात दहा मिनिटांनी बस दिली, तर मेन रोडच्या कामगाराला स्कूटर आणण्याची गरज कमी होईल. कुंभाच्या आराखड्यात हा विषय घालायचा तर आत्ताच. पर्वण्या झाल्यावर ती जमीन परत जाते.

व्यापाऱ्यांशी बोलाल तेव्हा एवढंच लक्षात ठेवा की त्यांची भीती खोटी नाही. गिऱ्हाईक कॉलेज रोडला जाईल, मॉलमध्ये जाईल, घरबसल्या मागवेल. त्यांना वहीतली मोजणी दाखवा आणि कामगारांच्या गाड्यांसाठी वेगळी, थोडी लांबची, मासिक पासाची जागा द्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांचं दुःख निराळं आहे. त्यांच्या घरांना पार्किंग नाहीच. त्यांना रात्रीचा रहिवासी परवाना नाममात्र दरात द्या, नाहीतर सशुल्क पार्किंग म्हणजे गरिबाच्या दारावरची पट्टी होईल. आणि ज्या इमारतींनी नकाशात तळघर पार्किंग म्हणून दाखवून त्यात गोदामं, दवाखाने, क्लासेस थाटले आहेत, त्यांची यादी नगररचना विभागाकडून मागा. तिथल्या जागा लोकांसाठी आधीच मंजूर आहेत, त्या बांधायला एक पैसा लागत नाही. या विषयावर तुमच्यावर दबाव येईल, सर्वांत जास्त इथेच येईल. म्हणून यादी लेखी मागा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

सभागृहातली रीत सांगतो. कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरावे लागतात, पण पार्किंगचं शुल्क कर नाही, त्यामुळे ती तारीख गेली म्हणून प्रस्ताव मागे पडत नाही. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीच्या सोळा सदस्यांपुढे आधी जातं. तुम्ही स्थायीवर नसाल तर तुमच्या पक्षाच्या सदस्याला तुमचा मुद्दा तिथेच द्या, महासभेत बदल करणं अवघड होतं. जादा विषयात, म्हणजे आयत्या वेळी, ठराव घुसवू नका, तो पुढे अडकतो. कायद्याशी किंवा निधीशी विसंगत ठराव प्रशासन कलम ४५१ खाली विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे पाठवतं आणि मग वर्षं जातात. ठराव छोटा, खर्चाच्या लेखाशीर्षासह आणि एका वेळी एकाच रस्त्याचा ठेवा. माझा सल्ला, सहा महिन्यांचा प्रयोग महात्मा गांधी रोडवर मागा: मोजणी, आखणी, मोकळे थांबे, चढता दर, वेगळं खातं, आणि दर महिन्याला बसच्या फेरीच्या वेळेचा तक्ता सभागृहापुढे.

मोजणीसाठी वही, तक्त्याचा नमुना आणि हाताशी दोन मुलं मी देतो. तुम्ही कामाच्या एखाद्या दिवशी सकाळी साडेनऊला, दुकानं उघडायच्या आधी, मेहेरच्या सिग्नलला या. सांगली बँकेपर्यंत चालत जाऊ, पहिली गाडी कोण लावतो ते बघू आणि तिथूनच सुरुवात करू.